भाडेकरूंसकट इमारत घेताय? आधी भाडेपावत्या बघा

तळमजला अधिक एक, फार तर दोन मजले, चार-सहा बिऱ्हाडं, पुढे एखादं दुकान. सांगली, सातारा, नाशिक किंवा पुण्याच्या पेठांत अशा छोट्या इमारती अधूनमधून विकायला निघतात. मालकाची मुलं परगावी किंवा परदेशी असतात, भावंडांना वाटण्या करून मोकळं व्हायचं असतं. घेणाऱ्याच्या डोक्यातलं गणित सरळ असतं: एका घरात आपण राहू, बाकीच्यांच्या भाड्यातून कर्जाचा हप्ता निघेल. शिवाय शेजारच्या मोकळ्या घरापेक्षा भाव बराच कमी सांगितलेला असतो.

तो कमी का आहे, हे कळल्याशिवाय बयाणा देऊ नका. महाराष्ट्रात अशी इमारत घेणारा विटा-मातीबरोबर आधीच्या मालकाने केलेले सगळे व्यवहारही विकत घेतो. त्यातले काही आजोबांच्या काळात तोंडी झालेले असतात. त्यामुळे खोल्या, गच्ची आणि पाण्याचा दाब बघण्याआधी आत कोण राहतंय आणि कोणत्या कागदावर राहतंय, ते बघायचं. (पुढचं सगळं महाराष्ट्राबद्दल आहे. गोव्यात १९६८ चा वेगळा भाडेकायदा चालतो, तिथे ही कलमं लावू नका.)

पहिली पायरी: राहणाऱ्यांची वर्गवारी

मालकाकडून प्रत्येक खोलीची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक शेरा मारा.

पहिला प्रकार म्हणजे जुने भाडेकरू. महिना दीडशे-दोनशे रुपये भाडं, हातात पिवळ्या पडलेल्या पावत्या, कधीकाळी दिलेली पागडी. यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं संरक्षण आहे. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. भाडेकरू कायद्याने देय असलेलं भाडं देत असेल आणि द्यायला तयार असेल, तोवर मालक केवळ मनात आलं म्हणून त्याला काढू शकत नाही. भाडेवाढ वर्षाला ४ टक्के, म्हणजे २०० रुपयांवर ८ रुपये. भाडेकरू वारला तर मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हा हक्क जातो. त्यामुळे 'आजोबा आहेत तोवरच हो' असं दलाल म्हणाला, तर आजोबांसोबत घरात कोण राहतं ते विचारा. दुकान चालवणाऱ्या भाडेकरूलाही हेच संरक्षण आहे. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या मात्र या कायद्यातून वगळलेल्या आहेत. तुमच्या तळमजल्यावर बँकेची शाखा असेल तर तिच्याशी बाजारभावाने बोलता येतं.

दुसरा प्रकार लिव्ह अँड लायसन्सवाले. ठरावीक मुदत, ठरावीक रक्कम, नोंदणी केलेला करार. नवशिक्याला हाच प्रकार सोयीचा. मुदत संपूनही कोणी जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तेवढ्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. एक बारकावा मात्र पुष्कळांना माहीत नसतो. लायसन्स हा दोन व्यक्तींमधला परवाना आहे. मालमत्ता विकली गेली की नवा मालक त्याला आपोआप बांधील राहत नाही, असं १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ सांगतं. हे ऐकून हुरळून जाऊ नका. अर्थ एवढाच, की खरेदीच्या तारखेपासून तुमच्या नावाने नवा करार करावा लागेल आणि समोरच्यालाही नवं काही ठरवायची मोकळीक मिळेल.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड: कागदच नसलेले. 'ओळखीचे आहेत, पाच वर्षं राहतायत, कधी करार केलाच नाही', किंवा '११ महिन्यांचा होता, नोटरी केलेला, नंतर तसंच चाललंय.' अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची. ती टाळली तर वाद झाल्यावर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर ते खोटं ठरत नाही. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा खोलीत राहणारा उद्या 'मी भाडेकरूच आहे' म्हणाला तर ते खोटं ठरवण्याचं काम तुमच्या गळ्यात. माझं मत विचाराल तर जुन्या पावतीवाल्यापेक्षा हा माणूस जास्त धोक्याचा. पावतीवाल्याचा हक्क केवढा ते निदान माहीत असतं.

एक चौथा शेराही बऱ्याच वाड्यांत मारावा लागतो: कुलूप. भाडेकरू केव्हाच कोथरूडला किंवा आणखी कुठे फ्लॅटमध्ये राहायला गेलेला, खोलीत जुनी कपाटं आणि भांडी, भाडं मात्र वेळेवर. दावा लावण्याआधी सलग सहा महिने जागा योग्य कारणाशिवाय वापरात नसेल तर ताबा मागण्याचं कारण कायद्यात आहे. ते सिद्ध करायला वीजबिलं, शेजाऱ्यांची साक्ष, पंचनामा असं बरंच लागतं. पण बोलणी करताना हीच खोली सगळ्यात आधी मोकळी होण्यासारखी असते, हे लक्षात ठेवा.

मालकाची यादी हातात आली की प्रत्येक बिऱ्हाडात स्वतः जा. मालकाला सोबत न्या, पण बोला तुम्ही. चहा नाकारू नका. किती सालापासून राहता, भाडं किती, कुठल्या महिन्यापर्यंत दिलंय, अनामत किती दिलीय, घरात कोण कोण, पोटमाळा तुमच्याकडे की मालकाकडे, मोरी कोणी बांधली, गच्चीचा वापर कोणाचा, मालकाशी काही दावा चालू आहे का. ही सगळी उत्तरं एका कागदावर लिहून त्यावर भाडेकरू आणि मालक दोघांच्या सह्या घ्या, आणि खोलीचा साधा हातनकाशा जोडा. सही द्यायला नकार आला तर त्याचं कारण खोदून काढा. मालक ४०० चौरस फूट सांगतो आणि भाडेकरू 'मागची बाल्कनीपण आमचीच' म्हणतो, हा फरक खरेदीआधी कळला तर किमतीत धरता येतो.

दुसरी पायरी: तुम्ही राहणार कुठे?

ऐकायला बाळबोध वाटेल, पण पुष्कळ जण इथेच फसतात. इमारतीत आज मोकळी, कुलूपाची किल्ली मालकाच्या हातात असलेली जागा आहे का? असेल तर ठीक. नसेल तर 'घेतल्यावर एकाला काढू' या भरवशावर राहायला म्हणून इमारत घेऊ नका.

मालकाला स्वतःच्या राहण्यासाठी जागेची खरी आणि वाजवी गरज असेल तर कलम १६ खाली ताबा मागता येतो, हे खरं आहे. पण न्यायालय दोन्ही बाजूंच्या अडचणी तोलतं. कोणाला जास्त त्रास होईल, दुसरी जागा कोणाकडे आहे, काही भागाच्या ताब्यावर काम भागेल का, हे सगळं बघितलं जातं. तुमचा त्याच गावात आधीच फ्लॅट असेल तर गरज पटवून देणं कठीण. पहिल्या न्यायालयातून निकाल लागला की अपील असतं, त्यावर उच्च न्यायालय असतं, आणि कर्जाचा हप्ता तोवर थांबत नाही. शिवाय गरजेच्या कारणावर ताबा मिळाला आणि तुम्ही महिन्याभरात तिथे राहायला गेला नाहीत, किंवा वर्षाच्या आत ती जागा दुसऱ्याला भाड्याने दिलीत, तर जुना भाडेकरू ती परत मागू शकतो.

त्यापेक्षा सामोपचाराचा रस्ता बरा. जागा सोडायला तयार असलेल्या भाडेकरूला मोबदला देऊन हक्कसोडीचा दस्त करायचा, आणि तो विकणाऱ्या मालकानेच खरेदीखताच्या आधी करायचा. मोबदला किमतीतून वजा होईल की मालक सोसेल, ही घासाघीस साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) करतानाच उरका. दस्त नोंदणीकृत हवा, भाडेकरूसोबत राहणाऱ्या प्रौढ कुटुंबीयांच्या सह्या हव्यात, आणि शेवटची रक्कम किल्ली हातात पडल्यावरच.

तिसरी पायरी: मालकाचे कागद

भाडेकरूंचे कागद नीट असले तरी विकणाराच पूर्ण मालक नसेल तर सगळं फुकट. शहरात सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, गावठाणाबाहेर सातबारा, त्यावरचे फेरफार, निदान ३० वर्षांचा शोध अहवाल, महापालिकेची कर आकारणी, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र. हे सगळं वकिलाला दाखवा. तुमच्या वकिलाला, दलालाच्या नव्हे. मालमत्ता पत्रकावर नाव असणं हा मालकीचा शेवटचा पुरावा नसतो, त्यामागचा दस्त लागतो.

अशा इमारती बहुधा वडिलोपार्जित असतात, म्हणून वारसांकडे जरा जास्त बघा. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. 'बहिणींचं काही म्हणणं नाही' हे वाक्य ऐकलं की लगेच विचारा: नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठे आहे? ते नसेल तर प्रत्येक बहिणीची सही खरेदीखतावर घ्या. एकाच भावाचा अविभक्त हिस्सा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्या माणसाला कुटुंबासोबत सामाईक ताबा मागता येत नाही. म्हणजे पैसे देऊन तुम्ही वाटपाचा दावा विकत घेता.

मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर मालक आणि प्रत्येक भाडेकरूच्या नावाने प्रलंबित दावे शोधा, नावाची वेगवेगळी स्पेलिंग टाकून बघा. चालू दाव्यातली मालमत्ता घेतली तर त्या दाव्याचा निकाल तुमच्यावरही बंधनकारक होतो.

चौथी पायरी: इमारत

इथे फार वेळ घालवत नाही, कारण हे काम तुमचं नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे. महापालिका हद्दीत ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. झालेलं असेल तर अहवाल मागा, नसेल तर स्वतः करून घ्या. धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे का, ते प्रभाग कार्यालयात विचारा. वीजमीटर किती आणि कोणाच्या नावावर, पाण्याचं कनेक्शन एक की अनेक, पंपाचं बिल कोण भरतं, हेही लिहून घ्या.

'पडू द्या हो, जागा मोकळी होईल' असं सुचवणारे भेटतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाहा रतनशी खिमजी खटल्यात स्पष्ट केलं, की इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. पुनर्विकासाच्या गप्पा ऐकतानाही हेच ध्यानात ठेवा. नव्या इमारतीत जुन्या भाडेकरूंना जागा द्यावी लागते, आणि उरेल तेवढंच तुमचं.

पाचवी पायरी: गणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. किंमत ७० लाख. सहा जागा: एक मोकळी, तुमच्यासाठी. दोन लायसन्सवर, प्रत्येकी ९ हजार. दोन जुने भाडेकरू १५० रुपयांचे आणि एक जुनं दुकान ४०० रुपयांचं. महिन्याला १८,७०० रुपये, वर्षाला २,२४,४०० रुपये.

यातून मालमत्ता कर २० हजार, दुरुस्ती ४० हजार, लायसन्सच्या जागा वर्षात एक महिना रिकाम्या धरून १८ हजार, आणि पंप, सफाई, विमा मिळून १४,४०० वजा करा. उरले १ लाख ३२ हजार, म्हणजे महिन्याला ११ हजार. ५० लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ४३,४०० रुपये. खिशातून जाणार ३२,४००. तशाच घराला तुम्ही आज १२ हजार भाडं देत असाल तर जादा भार वीस हजारांच्या थोडा वर. झेपत असेल तर पुढे वाचा. 'भाड्यातून हप्ता निघेल' हे वाक्य मात्र इथेच सोडून द्या. अर्धी इमारत व्यापणाऱ्या तीन जुन्या भाडेकरूंकडून वर्षाला ८,४०० रुपये येतात, आणि छप्पर गळलं की त्यांचंही छप्पर तुम्हीच दुरुस्त करायचं असतं. जागा चांगल्या स्थितीत ठेवणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे.

हाताशी किती हवेत? कर्जापलीकडचे २० लाख. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि स्थानिक संस्थेचा १ टक्का, म्हणजे ४ लाख २० हजार. पुण्यासारख्या मेट्रोच्या शहरात आणखी १ टक्का. नोंदणी फी कमाल ३० हजार. त्यावर वकील, इंजिनिअर, पहिली दुरुस्ती. बँकेकडे आधीच जा. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, पण ही वरची मर्यादा झाली. जुने भाडेकरू असलेल्या इमारतीवर बँकेचा मूल्यांकनकार हात आखडता घेतो, आणि काही बँका अशा मिळकतीला हातच लावत नाहीत. कर्जाची लेखी मंजुरी येईपर्यंत साठेखतात मोठी रक्कम अडकवू नका.

सहावी पायरी: दस्त

मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी दराने निघणारं मूल्य यांतल्या जास्तीच्या रकमेवर लागतं. भाडेकरूंमुळे तुमची किंमत कमी असते, तर रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकाचा, सरसकट दर मोकळ्या जागेचा. इथे दोनदा फटका बसू शकतो. जास्तीचं शुल्क तर जातंच, शिवाय सरकारी मूल्य किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघालं तर तो फरक तुमचं उत्पन्न धरून आयकर लागू शकतो. भाडेकरू असलेल्या मिळकतीच्या मूल्यांकनाला वेगळी सूत्रं आहेत. म्हणून भाडेपावत्यांसह मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घेण्यासाठी, आधीच दाखल करा. वेळ जातो, पण शुल्काचा आकडा सरकारी शिक्क्यानिशी हातात येतो.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरणं तुमचं काम. विकणाऱ्या भावंडांपैकी कोणी अनिवासी असेल तर त्याच्या हिश्शाचा हिशेब वेगळा आणि दर बराच जास्त. ते चार्टर्ड अकाउंटंटकडून करून घ्या.

खरेदीखतात भाडेकरूंची यादी परिशिष्ट म्हणून जोडा: नाव, जागा, भाडं, कुठपर्यंत भरलंय, अनामत. अनामती मालक तुमच्याकडे वर्ग करणार की किमतीतून वजा करणार, ते लिहा. थकलेल्या भाड्याचंही तसंच. खरेदीपूर्वीची थकबाकी नव्या मालकाला आपोआप मिळत नाही, दस्तात तसं स्पष्ट लिहावं लागतं. 'यादीबाहेर कोणाचाही हक्क निघाल्यास विक्रेता भरपाई देईल' हे कलम घाला, आणि वकिलाला सांगून थोडी रक्कम ठरावीक काळ रोखून ठेवता येते का ते बघा. विक्रेता कुरकुर करेल. करू द्या.

सातवी पायरी: किल्ली मिळाल्यावर

पहिल्या आठवड्यात जुन्या मालकाच्या सहीचं पत्र प्रत्येक भाडेकरूला द्या: इमारत अमक्या तारखेला विकली, यापुढे भाडं यांना द्यावं. त्यावर पोच घ्या. पत्र मिळण्याआधी भाडेकरूने प्रामाणिकपणे जुन्या मालकाला भाडं दिलं तर ते तुम्ही पुन्हा मागू शकत नाही.

लायसन्सवाल्यांचे नवे करार ऑनलाइन नोंदवा. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, शहरात नोंदणी फी १ हजार. पोलिसांना माहिती द्यायची तीही ऑनलाइन देता येते. जुन्या भाडेकरूंना पावतीपुस्तकातून दर महिन्याला पावती द्या, भाडं दीडशे असलं तरी. भाडं नाकारून 'थकबाकीदार' बनवायची जुनी युक्ती चालत नाही. थकबाकीसाठी दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं, आणि भाडेकरूला न्यायालयात व्याजासह रक्कम भरून जागा वाचवता येते. पाणी किंवा वीज तोडणं तर गुन्हाच आहे, तुरुंगवासापर्यंतचा. मीटरला हात लावायचा विचारही नको.

तुम्ही त्याच इमारतीत राहणार, म्हणजे मालक चोवीस तास सापडणारा. नळ गळला तर रात्री अकराला दार वाजेल. दुरुस्तीसाठी एक ठरलेला प्लंबर, एक इलेक्ट्रिशियन आणि भाड्याच्या पैशांचं वेगळं बँक खातं एवढं पहिल्या महिन्यात करा. खातं वेगळं असलं की आयकराचं विवरणपत्र भरतानाही सोपं जातं. भाड्याच्या उत्पन्नातून भाड्याच्या जागांचा भरलेला महापालिका कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, त्यासाठी दुरुस्तीची बिलं दाखवावी लागत नाहीत. जिना, अंगण, गच्ची आणि दुचाक्या लावायची जागा यांबाबत आधीपासून जो वापर चालत आलाय तो पहिलं वर्षभर तरी बदलू नका. गच्चीवरच्या वाळवणावरून सुरू झालेली भांडणं लघुवाद न्यायालयापर्यंत जातात, आणि तिथे समोरच्या बाजूला बसलेला माणूस संध्याकाळी तुमच्याच जिन्यावर भेटतो.